समुपदेशकाकडे जायचंय, पण सुरुवात कुठून करायची?

'समुपदेशन' या शब्दात 'उपदेश' दडलेला आहे आणि निम्मा घोटाळा तिथेच होतो. आपल्याला वाटतं, कुणीतरी शहाणा माणूस समोर बसवून चार गोष्टी सांगणार. तसल्या गोष्टी तर घरात फुकट मिळतात: 'टेन्शन घेऊ नकोस', 'देवाचं नाव घे', 'आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही'. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सल्ले उतरवून घ्यायला वही-पेन घेऊन गेलो होतो. पन्नास मिनिटांत एकही सल्ला मिळाला नाही. उलट गृहपाठ मिळाला.

माझी भानगड फास्ट लोकलची होती. सकाळी ठाणं सुटलं, मुलुंड मागे पडलं, की छातीत धडधड, तळहाताला घाम आणि 'आता आपलं काही खरं नाही' ही खात्री. मग मी स्लो पकडू लागलो. दर दोन-तीन मिनिटांनी उतरता येतं ना! वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही. विचारलंच तर सांगायचो, 'स्लोला बसायला मिळतं.'

आधी शरीराची तपासणी

धडधड, धाप, चक्कर, हात थरथरणं हे सगळं चिंतेने होतं, तसंच थायरॉइड वाढल्याने किंवा हिमोग्लोबिन उतरल्यानेही होतं. त्यामुळे आधी फॅमिली डॉक्टर, मग रक्ततपासणी, आणि गरज वाटली तर ईसीजी. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर 'हे मनाचंच असेल' असं स्वतःच ठरवून घरी बसू नका. दिवसाला चहा-कॉफीचे किती कप होतात तेही डॉक्टरांना खरं सांगा. माझे सात व्हायचे.

रिपोर्ट नॉर्मल आले की डॉक्टर म्हणतात, 'काही नाहीये.' त्याचा अर्थ हृदयाला काही नाहीये एवढाच घ्यायचा.

जायची वेळ झाली का?

'गॅड-७' नावाची सात प्रश्नांची एक चाचणी जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत अस्वस्थ वाटणं, काळजी आवरता न येणं, चिडचिड वगैरे किती वेळा झालं, याला प्रत्येकी ० ते ३ गुण. एकूण २१ पैकी १० किंवा जास्त आले तर तज्ज्ञाला भेटावं, असा साधारण संकेत आहे. ही चाचणी म्हणजे निदान नव्हे, अंगाला हात लावून ताप पाहण्यासारखं आहे.

मला विचाराल तर गुणांपेक्षा एक साधा प्रश्न बरा: भीती टाळण्यासाठी तुम्ही दिवसाची आखणी बदलू लागलात का? लग्नाला जाणं टाळणं, बॉसचा फोन वाजू देणं, मुलगी पोहोचली का हे तीनदा विचारणं, आणि आमच्याकडे स्लो लोकल. तसं असेल तर १० गुणांची वाट बघत बसू नका.

कुणाकडे?

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट हे एमबीबीएसनंतर या विषयात शिकलेले डॉक्टर. औषध लिहून देण्याचा अधिकार त्यांचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत. त्यांचं काम चाचण्या आणि थेरपीचं, आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे असते. 'काउन्सेलर' या पाटीखाली मात्र मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं काम केलेलेही असतात आणि दोन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केलेलेही. म्हणून शिक्षण कुठे झालं, चिंतेच्या किती लोकांबरोबर काम केलं, हे सरळ विचारा. आपण गवंडीसुद्धा चौकशी करून आणतो. या प्रश्नाने चिडणारा माणूस आपल्या कामाचा नाही.

पैशांचं बोलायचं तर शहरात एका सत्राला हजारापासून अडीच हजारांपर्यंत सर्रास घेतात. एवढं झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. रांग लागते, वेळ कमी मिळतो, पण सुरुवात होते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही ओपीडी चालते. (आम्हा ठाणेकरांना 'ठाण्याला भरती करा' हा विनोद जन्मभर ऐकावा लागतो. त्याच्या भीतीने तिथली पायरी टाळू नका, ओपीडीत दाखवून माणसं घरी जातात.) गोव्यात बांबोळीची सरकारी मानसोपचार संस्था आहे. घराबाहेर पडणंच जमत नसेल तर 'टेलिमानस'चा १४४१६ हा केंद्र सरकारचा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे. मराठीत बोलता येतं.

भाषेचं महत्त्व मला उशिरा कळलं. 'पोटात गोळा येतो', 'जीव घाबराघुबरा होतो' हे इंग्रजीत सांगायला गेलो की निम्मं सांडतं. परदेशात राहणाऱ्यांनीही जमल्यास मराठी कळणारा माणूस शोधावा. मात्र त्या देशाच्या नियमांत ते बसतं का, हे आधी विचारून घ्यावं.

तो एक फोन

सगळ्यात अवघड पायरी हीच. चिंता असलेल्या माणसाला अनोळखी नंबरवर फोन करायला सांगणं म्हणजे पाय मुरगळलेल्याला जिना चढून दवाखान्यात यायला सांगणं. मी नंबर सेव्ह करून अकरा दिवस काढले. शेवटी मेसेज केला, तो जवळजवळ असा होता:

'नमस्कार. गेले काही महिने प्रवासात खूप घाबरायला होतं. तब्येतीच्या तपासण्या नॉर्मल आहेत. भेटीची वेळ संध्याकाळी सहानंतर मिळेल का? फी किती? मराठीत बोलता येईल ना?'

एवढं पुरतं. सगळी कहाणी मेसेजमध्ये लिहायची नाही.

घरी सांगायचं की नाही, हे तुमच्यावर. ऑनलाइन सत्र असेल आणि घर दोन खोल्यांचं असेल तर जागा आधी हेरून ठेवा. उभ्या गाडीत, गच्चीवर, मैत्रिणीच्या रिकाम्या घरी बसून सत्रं करणारे कितीतरी आहेत. हेडफोन लावले तर समोरच्याचं बोलणं बाहेर जात नाही, पण आपलं जातं. हे मला आई शेजारच्या खोलीत होती तेव्हा कळलं.

पहिली भेट

साधारण पाऊण ते एक तास. आधी फॉर्म, मग प्रश्न: झोप, भूक, घरात कोण-कोण, काम, दारू-सिगारेट, पूर्वीचे आजार, घरात आणखी कुणाला असं होतं का, मरणाचे विचार येतात का. शेवटचा प्रश्न सगळ्यांना विचारतात, दचकू नका. ज्यावर बोलायचं नसेल तिथे 'हे आज नको' म्हणता येतं. रडू आलं तर येऊ द्या, टिश्यूचा डबा उगाच ठेवलेला नसतो.

तुमचं बोलणं गुप्त राहतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही गोपनीयतेचा हक्क आहे. अपवाद थोडे: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, लहान मुलावर अत्याचार, कोर्टाचा आदेश. हे त्यांनी आपणहून सांगायला हवं. नाही सांगितलं तर विचारा. निघण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी विचारा: पद्धत कोणती आणि साधारण किती सत्रं. चिंतेसाठी बहुधा सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायची थेरपी वापरतात, त्याची ८ ते १५ सत्रं सांगितली तर ठीक. 'तीन भेटींत गॅरंटी' म्हणणाऱ्याला नमस्कार करावा.

नंतर नेमकं काय होतं?

माझ्या वहीत चार रकाने आखून दिले गेले. एका सोमवारची नोंद अशी आहे. प्रसंग: मुलुंड गेलं, गाडी थांबली नाही. विचार: चक्कर येऊन पडणार, सगळे बघत राहणार. भीती: १०० पैकी ८५. प्रत्यक्षात काय झालं: घाटकोपर आलं.

हा शेवटचा रकाना भरताना मला हसू आलं, आणि पुढच्या आठवड्यात तो पुन्हा तसाच भरावा लागला. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. वहीत ते तारीखवार दिसतं. भीतीचा झटका चढतच जाणार असं वाटतं, पण बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत तो टोकाला पोहोचतो आणि उतरू लागतो. मी दरवेळी त्याआधीच उतरून जात होतो, त्यामुळे उतार कधी पाहिलाच नव्हता.

मग शिडी केली. खालची पायरी: फलाटावर उभं राहून दोन फास्ट गाड्या नुसत्या जाऊ द्यायच्या. मग स्लोमध्ये दारापासून लांब, मधोमध उभं राहायचं. मग रविवारी दुपारची रिकामी फास्ट. सगळ्यात वर: सोमवारी सकाळची गर्दीतली फास्ट. प्रत्येक पायरी कंटाळा येईपर्यंत. खरं भांडण झालं पाण्याच्या बाटलीवरून. 'बाटली घरी ठेवून जा', असं सांगितल्यावर मी पंधरा मिनिटं वाद घातला. तोवर मला वाटत होतं, मी तहानेसाठी बाटली नेतो.

मधल्या काळात काही आठवडे जास्त त्रास होतो. टाळलेल्या गोष्टींना हात घातला की तसं व्हायचंच. ते आधी माहीत असलं तर माणूस पळत नाही.

औषधांबद्दल थोडक्यात

गरज असेल तर सायकियाट्रिस्टकडे पाठवतात. त्यात हार मानण्यासारखं काही नाही. एसएसआरआय या, चिंता आणि नैराश्यासाठी रोज घ्यायच्या गोळ्यांच्या गटाचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे जातात, आणि बरं वाटलं म्हणून त्या मनाने बंद करायच्या नसतात. अल्प्राझोलमसारख्या लगेच शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय लागते. शेजारच्या काकूंच्या डब्यातली गोळी तर घेऊच नका.

जमलं नाही तर

माझ्या पहिल्या समुपदेशकांनी दुसऱ्याच भेटीत 'लग्न करून टाका, सगळं मार्गी लागेल' असं सांगितलं. हा उपदेश मावशीने आधीच दिला होता, तोही पोह्यांसकट. मी माणूस बदलला. नुसतं अवघडल्यासारखं वाटत असेल तर तीन-चार भेटी द्या आणि ते त्यांना बोलूनही दाखवा. पण इतर क्लायंटच्या गोष्टी सांगणं, न विचारता घरच्यांना कळवणं, लगट करणं यांपैकी काही झालं तर पुढची भेट नको.

जीव द्यावासा वाटत असेल तर यातली कुठलीही पायरी चढत बसू नका. १४४१६ लावा, जवळच्या माणसाला हाक मारा. धोका अगदी समोर असेल तर ११२, किंवा थेट रुग्णालयाची कॅज्युअल्टी.

बरं वाटू लागलं की भेटी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने होतात. अनेकजण याच टप्प्यावर न कळवता गायब होतात. तसं करण्यापेक्षा शेवटची भेट ठरवून घ्या, वही सोबत न्या, आणि तीन महिन्यांनंतरची एक तारीख मागून ठेवा. ती रद्द करायची वेळ आलीच, तर मेसेज नको, फोन करूनच रद्द करा.