'तलावासाठी किती पैसे द्याल?' सर्व्हेत या चुका टाळा

स्कॉटलंडसारख्या ठिकाणी पीटलँड, म्हणजे हजारो वर्षं अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या दलदली, परत ओल्या करायला लोक किती पैसे देतील याचे सर्व्हे होतात, आणि आपल्याकडची प्रोजेक्टवाली पोरं तोच फॉर्म घेऊन नागपूरच्या फुटाळा तलावावर फिरतात. पीटलँड जगाच्या जमिनीच्या जेमतेम ३ टक्के, पण मातीतला जवळपास एक तृतीयांश कार्बन तिथे, म्हणून तिकडे कार्बन विचारतात. अंबाझरी तलावावर कार्बन विचारून काय होणार बाप्पा, इथे लोकांना जलपर्णी दिसते आणि सप्टेंबर २०२३ चा पूर आठवतो.

'किती द्याल?' असं मोकळं विचारूच नका. समोरचा १०१ नाहीतर ५०१ सांगतो, गणपतीच्या वर्गणीसारखं. १९८९ च्या एक्सॉन वाल्डेझ तेलगळतीनंतर असं नुकसान पैशात कसं मोजायचं यावर अमेरिकेत अॅरो आणि सोलो या नोबेलवाल्या अर्थतज्ज्ञांच्या समितीने १९९३ मध्ये सांगितलं की मतदानासारखं हो-नाही विचारा: घरटॅक्स वर्षाला २०० रुपयांनी वाढला तर चालेल का? कोणाला ५०, कोणाला ५००, चिठ्ठी टाकून. सगळ्यांना एकच रक्कम विचारली तर हाती काहीच लागत नाही.

सगळ्यात जास्त घोळ शून्यात, म्हणजे 'काहीच देणार नाही' म्हणणाऱ्यांत होतो. 'टॅक्स भरून राहिलो न भाऊ, आणखी कायले देऊ?' हा माणूस तलाव नको म्हणत नाहीये, त्याला पैसा कुठे जातो यावर भरवसा नाही. खिशातच नाही म्हणणारा वेगळा. म्हणून 'नाही' आलं की लगेच 'का?' विचारा, दोघांना वेगळं मोजा, आणि रागावलेले किती होते ते रिपोर्टात लिहा, गुपचूप उडवू नका.

काम किती मोठं तेही सांगा. अमेरिकेतल्या एका सर्व्हेत २,०००, २०,००० आणि २,००,००० पक्षी वाचवायला लोकांनी सरासरी ८०, ७८ आणि ८८ डॉलर सांगितले, म्हणजे आकड्याकडे कोणी बघितलंच नाही! अर्ध्या लोकांना फक्त जलपर्णी काढणं विचारा, अर्ध्यांना गाळ, सांडपाणी सगळं, मग फरक पडतो का बघा.

आणि फुटाळ्यावर संध्याकाळी भुट्टा खाणारेच विचारू नका, पूर अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमध्ये शिरला होता, तिकडे सकाळी जा. रक्कम एकदाच की दरवर्षी, माणशी की घरटी, हे फॉर्मवरच लिहा, नाहीतर शेवटी गुणाकार कशाने करायचा यावरच गाडी अडते.