विद्यापीठातली नोकरी नेमकी कुठल्या टाईपची आहे ते कसं ओळखायचं

दरवर्षी जून-जुलै आला की व्हॉट्सॲपवर जाहिरातींचे पीडीएफ फिरायला लागतात, "विद्यापीठात भरती, सहायक प्राध्यापक, लगेच अर्ज करा", आणि मग घरात पेढे वाटायचेच बाकी राहतात. पण एकाच विभागात, एकाच वर्गावर, एकच विषय शिकवणाऱ्या दोन सहायक प्राध्यापकांच्या नोकरीत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. म्हणून पदाचं नाव वाचून काही ठरवू नका, पगार कुठल्या खिशातून येणार आहे ते आधी शोधा. हे मी महाराष्ट्रातल्या सरकारी, म्हणजे 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखाली येणाऱ्या विद्यापीठांबद्दल लिहितोय (पुणे, मुंबई, शिवाजी, नांदेड वगैरे), खासगी आणि अभिमत विद्यापीठांचा कारभार वेगळा आहे.

खिसे मुख्यतः चार. पहिला शासनाचा, म्हणजे मंजूर पद आणि वेतन अनुदान. दुसरा विद्यापीठ फंड, म्हणजे परीक्षा फी, संलग्नता फी, सेल्फ फायनान्स कोर्सची फी असल्या पैशातून भरलेली पदं. तिसरा प्रोजेक्ट किंवा फेलोशिप देणाऱ्या संस्थेचा. चौथा ठेकेदाराचा. जाहिरातीत "शासनमान्य रिक्त पदे" असं लिहिलंय की "विद्यापीठ निधीतून" की "स्वयंअर्थसहाय्यित विभागासाठी", एवढी एक ओळ शोधायची. ती सापडली की अर्धं काम झालं, आणि नाहीच सापडली तर आस्थापना विभागात जाऊन सरळ विचारायचं, लाजायचं काही कारण नाही.

शासनाच्या मंजूर पदावर रीतसर निवड समितीतून लागलात तर ती खरी पर्मनंट नोकरी. सुरुवातीला प्रोबेशन असतं, मग कायम. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं, सहयोगी 1,31,400 आणि प्राध्यापक 1,44,200, वर महागाई भत्ता, घरभाडं वगैरे. वरची पायरी कॅसमधून, म्हणजे ठरावीक सेवा आणि कामगिरीवर बढती देणाऱ्या योजनेतून, मिळते. पेन्शनबद्दल मात्र गैरसमज नको, 1 नोव्हेंबर 2005 किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, आधी डीसीपीएस होतं आणि आता एनपीएस, म्हणजे पगारातून वर्गणी कापून साठवायच्या योजना. पात्रतेचं म्हणाल तर साधारणपणे नेट किंवा सेट (देशपातळीची किंवा राज्याची पात्रता परीक्षा) हवी, युजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 1 जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकासाठी पीएचडी ऐच्छिक केली, तरी निवडीच्या मार्कांमध्ये पीएचडी कामाला येतेच.

शिक्षकेतर मंडळींचं वेगळं. गट अ ते गट ड, म्हणजे उपकुलसचिवापासून शिपाई-हमालापर्यंत. यांच्या सेवाशर्ती 1984 च्या स्टँडर्ड कोडमध्ये आहेत आणि शिक्षकांचे नियम यांना लागत नाहीत. हे सांगायचं कारण, कोणीतरी प्राध्यापकाचा जीआर दाखवून क्लार्कला रजेचे नियम समजावत असतो. ग्रंथपाल आणि क्रीडा संचालक हे मधलं प्रकरण, वेतन शिक्षकांच्या समकक्ष पण काम वर्गात शिकवण्याचं नाही.

कुलगुरू, प्र-कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता ही मुदतीची पदं, रिटायर होईपर्यंतची नाहीत. मुदत साधारण पाच वर्षांची, आणि प्र-कुलगुरू व अधिष्ठाते यांची मुदत कुलगुरूंच्या मुदतीबरोबरच संपते, म्हणून नवे कुलगुरू आले की सगळी टीम नवी दिसते. दुसरीकडून प्राध्यापक इथे कुलसचिव म्हणून आला तर मूळ जागेवर धारणाधिकार, म्हणजे परत जायचा हक्क, ठेवून येतो, ज्याला सगळे लिएन म्हणतात. लिएन ठेवता येत असेल तर तसंच सोडून येऊ नये.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ते सीएचबी (क्लॉक अवर बेसिस), म्हणजे तासिका तत्त्व. इथे पगार नसतो, मानधन असतं, आणि तेही घेतलेल्या तासांचं. सुट्टी, परीक्षा, गणपती, दिवाळी यांचे पैसे नाहीत. एक हिशेब नीट बघा. अनेक कॉलेजांत लेक्चर 48 मिनिटांचं असतं पण बिल घड्याळी तासावर निघतं, म्हणजे महिन्यात 20 लेक्चर घेतली तर 960 मिनिटं, म्हणजे फक्त 16 तास. जाहिरातीतला तासाचा दर बघून गुणाकार करणारे इथेच फसतात. शिवाय ते बिल विभागप्रमुखांच्या सहीने प्राचार्यांकडे, तिथून उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात, आणि मग तरतूद आली की पैसे, त्यामुळे ऑगस्टमध्ये शिकवलेल्याचे पैसे पुढच्या वर्षी हातात पडले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. स्वतःच्या वहीत तारीख, वर्ग, वेळ रोजच्या रोज लिहा आणि मस्टरचा महिन्याच्या शेवटी फोटो काढून ठेवा, ही सवय फार कामाला येते.

सीएचबी आणि कंत्राटी हे एकच नाही बरं का, लोक सर्रास मिसळतात. कंत्राटी म्हणजे ठरावीक मुदतीसाठी, बहुतेकदा 11 महिन्यांसाठी, दरमहा ठोक रक्कम, मग चार-आठ दिवसांचा टेक्निकल ब्रेक आणि पुन्हा नवी ऑर्डर. युजीसीच्या 2018 च्या नियमांत लिहिलंय की कंत्राटी शिक्षक एकूण शिक्षक पदांच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत आणि त्यांना नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक पगारापेक्षा कमी देऊ नये. प्रत्यक्षात काय चालतं ते कुठल्याही स्टाफरूममध्ये चहा प्यायला बसलात की कळेल. पण हा नियम माहीत असायला हवा, कारण पुढे पर्मनंट झाल्यावर जुनी सेवा कॅससाठी धरायची असेल तर त्याच नियमांत अट आहे, पात्रता पूर्ण हवी, निवड रीतसर समितीतून हवी आणि मिळणारे पैसे नियमित माणसाच्या एकूण पगारापेक्षा कमी नकोत. सीएचबीची दहा वर्षं या तिसऱ्या अटीवर पडतात. कडू आहे, पण आधी कळलेलं बरं.

"इतकी वर्षं काम केलं, आता कायम करतीलच" या भरवशावर राहू नका. 2006 च्या उमादेवी निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तात्पुरत्या माणसाला नुसती वर्षं भरली म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. मंजूर पदावर 10 किंवा जास्त वर्षं काम केलेल्यांसाठी एकवेळची सवलत त्यात होती, पण ते एकदाच.

प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस हे नवीन, युजीसीने 2022 मध्ये आणलं. इंडस्ट्री, कला, प्रशासन असल्या क्षेत्रात साधारण 15 वर्षं काढलेल्या माणसासाठी, नेट-पीएचडीची सक्ती नाही, पण जास्तीत जास्त चार वर्षं. करिअर झालेल्यांसाठी छान आहे, सुरुवात करणाऱ्यांनी त्याच्या नादी लागू नये.

प्रोजेक्टवर असाल तर प्रोजेक्ट संपला की नोकरी संपली, सरळ व्यवहार आहे. जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) म्हणजे तर नोकरीच नाही, फेलोशिप आहे. युजीसीची रक्कम 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 आणि त्यापुढच्या एसआरएफची (सीनियर रिसर्च फेलोशिप) 42,000, पण त्यात पीएफ नाही. आणि कमवा आणि शिका योजनेत काम करणारी मुलं विद्यार्थीच असतात, कर्मचारी नाहीत, तेव्हा ते बायोडेटात नोकरीचा अनुभव म्हणून टाकू नका.

शेवटचा ठेकेदाराचा प्रकार, ज्याला आउटसोर्सिंग म्हणतात. सिक्युरिटी, सफाई, डाटा एंट्री, हल्ली तर परीक्षा विभागातसुद्धा. काम विद्यापीठाचं, आयकार्डवर कधीकधी विद्यापीठाचा लोगोही, पण मालक कागदोपत्री ठेकेदार. इथे दर दोन-तीन महिन्यांनी पीएफ पासबुक उघडून बघायचं. स्लिपमध्ये 12 टक्के कापलेले दिसतात आणि पासबुकात नोंदच नाही असं होऊ शकतं. पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कार्डही मागायचं.

ऑर्डर हातात आली की सही करण्याआधी झेरॉक्स काढून घरी नेऊन वाचा. "सदर नेमणूक निव्वळ तात्पुरत्या स्वरूपाची असून सदर पदावर कोणताही हक्क सांगता येणार नाही" हे वाक्य असेल तर वरचं पदनाम कितीही भारी असू द्या, प्रकार कळला. त्यात वेतनश्रेणी लिहिलीय की एकत्रित मानधन, मुदतीची शेवटची तारीख आहे का, पद मंजूर करणाऱ्या जीआरचा किंवा पत्राचा क्रमांक संदर्भात आहे का, हे तिन्ही पेन्सिलने खूण करून बघा. कॉलेजात लागत असाल तर अजून दोन गोष्टी विचारा, पद अनुदानित आहे की विनाअनुदानित (2001 नंतरची बरीच कॉलेजं कायम विनाअनुदानित आहेत, तिथे पगार संस्था देते किंवा देत नाही), आणि नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता आली का. संस्थेने "ती येईल हो नंतर" असं म्हटलं तर प्रस्ताव पाठवल्याचा आवक नंबर मागा आणि तो घेऊन स्वतः विद्यापीठाच्या मान्यता कक्षात चौकशी करून या.