ग्रामीण भागासाठी समाजकार्याचे दूरशिक्षण: विद्यापीठांनी एकत्र येताना

दोन-तीन विद्यापीठांनी मिळून समाजकार्याचा दूरशिक्षण अभ्यासक्रम काढायचे ठरवले की पहिली बैठक बहुधा व्याख्याने कोण चित्रित करणार, याच चर्चेत संपते. ती चर्चा मागे ठेवावी आणि आधी क्षेत्रकार्याची, म्हणजे विद्यार्थ्यांनी गावात प्रत्यक्ष करायच्या कामाची, आखणी करावी. व्याख्याने मुंबईत कोठेही चित्रित करता येतात. मोखाड्यातील विद्यार्थिनीचा अहवाल वाचून तिच्याशी दर आठवड्याला बोलणारा मार्गदर्शक मात्र मुंबईत बसून निर्माण होत नाही.

म्हणून प्रथम तालुके निवडावेत. पालघर जिल्ह्यापुरते बोलायचे तर डहाणूपर्यंत लोकल जाते, जव्हार-मोखाड्याला रेल्वेच नाही. त्यामुळे संपर्क सत्रांची (विद्यार्थी आणि अध्यापक समोरासमोर भेटतात त्या वर्गांची) अभ्यासकेंद्रे एसटीच्या वेळापत्रकावरून ठरवणे श्रेयस्कर. त्यानंतर प्रत्येक तालुक्यात क्षेत्रकार्य स्वीकारू शकतील अशा संस्था, ग्रामपंचायती आणि आरोग्य केंद्रे प्रत्यक्ष भेटून निश्चित करावीत. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली व्यक्ती तेथे सहज मिळेलच असे नाही. अशा ठिकाणी मार्गदर्शन दोघांत विभागावे: गाव जाणणारा अनुभवी कार्यकर्ता रोजच्या कामावर लक्ष ठेवील आणि विद्यापीठातील अध्यापक दर आठवड्याला ठरलेल्या वेळी दूरध्वनीवरून अहवालावर चर्चा करील. स्थानिक कार्यकर्त्याचे मानधन करारातच लिहावे, कारण शुल्काची वाटणी करताना सर्वांत आधी कात्री लागते ती तिथेच.

तासांचा हिशेब अवघड नाही. दूरशिक्षणात एका श्रेयांकाला (क्रेडिटला, म्हणजे अभ्यास मोजण्याच्या एककाला) ३० तासांचा अभ्यास धरला जातो. म्हणजे सहा श्रेयांकांच्या क्षेत्रकार्याला १८० तास लागतात आणि आठवड्याला दोन दिवस मिळून १५ तास धरले, तर ते १२ आठवड्यांत पूर्ण होतात. मात्र हे १२ आठवडे कोणते, हे शहरातील शैक्षणिक दिनदर्शिकेवरून ठरवू नये. जुलैत भाताच्या लावणीमुळे गावाला कोणाशी बोलायला उसंत नसते, तर दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात. समुदाय संघटनाचा पेपर शिकणाऱ्याला रिकाम्या पाड्यावर पाठवण्यात अर्थ नाही. स्थलांतर हाच विषय घेतला, तर एका विद्यापीठाचा विद्यार्थी पाड्यावर आणि दुसऱ्याचा भिवंडीजवळील भट्टीवर काम करू शकतो. सहकार्याचा खरा लाभ येथे दिसतो.

प्रवेश घेणाऱ्यांत आशा आणि अंगणवाडी सेविका असतील. त्यांची रोजची नोकरीच क्षेत्रकार्य म्हणून मोजण्याचा मोह होतो, तो टाळावा. अंगणवाडीत काम करणाऱ्या सेविकेला वनहक्क समितीबरोबर किंवा रोजगार हमीच्या मजुरांबरोबर काम द्यावे, म्हणजे ओळखीच्या गावातच तिला वेगळ्या भूमिकेतून उभे राहावे लागेल.

कायदेशीर बाजू थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीनुसार दूरशिक्षणाला आयोगाची मान्यता लागते आणि फ्रँचायझी पद्धतीने, म्हणजे दुसऱ्या संस्थेकडे सोपवून, अभ्यासक्रम चालवता येत नाही. म्हणून पदवी कोणते विद्यापीठ देणार हे करारात आधी नोंदवावे आणि सहयोगी विद्यापीठांचा वाटा श्रेयांकांच्या रूपाने आणावा. श्रेयांक हस्तांतरासाठी २०२१ पासून शैक्षणिक श्रेयांक बँकेची, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा ठेवणाऱ्या खात्याची, व्यवस्था आहे.

स्वयं-अध्ययन साहित्य मराठीत मुळातून लिहावे. इंग्रजीतून उतरवलेल्या पाठांत उदाहरणे परकी राहतात आणि वारली किंवा कातकरी बोली घरात बोलणाऱ्या विद्यार्थ्याला दुहेरी ओझे वाहावे लागते. छापील प्रत आधी पोहोचवावी. नेटवर्क नसलेल्या पाड्यावर चित्रफीत उघडत नाही, ध्वनिफीत मात्र मोबाइलमध्ये साठवून नेता येते. परीक्षा केंद्र निवडताना शेवटची एसटी किती वाजता सुटते हे आगारात विचारून घ्यावे आणि पेपर त्याच्या दोन तास आधी संपेल अशी वेळ ठेवावी.