फायरबेसमधली नोंद बदलायला गेलात आणि उडाली? ॲप इन्व्हेंटरवाल्यांनो, या चुका टाळा

एका दूध संकलन केंद्रासाठी मी ॲप इन्व्हेंटरवर (कोड न लिहिता ठोकळे, म्हणजे 'ब्लॉक', जोडून ॲप बनवायचं साधन) लहानसं ॲप केलं होतं. सभासद क्रमांक टाकायचा, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) भरायचं, 'जतन करा' दाबायचं, की नोंद फायरबेसच्या (गूगलची इंटरनेटवर माहिती साठवायची सेवा) रिअलटाइम डेटाबेसमध्ये जमा. पंधरा दिवस सुरळीत चाललं. मग एका सकाळी सचिवांनी ४१ नंबरची फॅट ३.८ ची ४.२ केली आणि संध्याकाळी फोन आला, "अहो, एक्केचाळीसचं नाव कुठं गेलं?"

नाव, लिटर, एसएनएफ, पाळी (सकाळ की संध्याकाळ), सगळंच गेलं होतं. फॅट तेवढी ४.२, अगदी बरोबर! एररचा संदेश नाही, उत्तराचा कोड २००, म्हणजे डेटाबेसच्या दृष्टीने काम फत्ते. आणि ते खरंही होतं. मी जे सांगितलं तेच त्याने केलं होतं.

वेब कंपोनंटमधून (ॲप इन्व्हेंटरचा इंटरनेटवरच्या पत्त्याशी देवाणघेवाण करणारा भाग) फायरबेसला लिहिताना तीन ब्लॉक हाताशी असतात आणि तिघांचा स्वभाव वेगळा. 'पुट टेक्स्ट' म्हणजे या पत्त्यावर आधी जे असेल ते काढ आणि हे ठेव. 'पोस्ट टेक्स्ट' म्हणजे नवी नोंद कर, किल्ली (नोंद ज्या नावाखाली बसते ते नाव) तुझी तू दे. मग वीस अक्षरांची, उणे चिन्हाने सुरू होणारी किल्ली तयार होते. 'पॅच टेक्स्ट' म्हणजे मी दिलेले रकाने तेवढे बदल, बाकीच्यांना हात लावू नकोस. मी फक्त फॅट पाठवली होती, तीही पुटने. दुरुस्तीसाठी पोस्ट वापरणारेही भेटतात. त्यांची नोंद उडत नाही, तिला जुळं होतं, आणि दहा दिवसांच्या बिलात एकाच पाळीचं दूध दोनदा धरलं जातं. (हे बरं, असं सभासद म्हणेल. सचिव म्हणणार नाहीत.)

पॅच वापरला म्हणून निर्धास्त राहू नका. तो एकाच पातळीपुरता राखून वागतो. नोंदीत 'सकाळ' नावाचा कप्पा आहे, त्यात लिटर आणि फॅट आहे, आणि तुम्ही सभासदाच्या पत्त्यावर 'सकाळ'च्या आत फक्त फॅट घालून पॅच केलंत, तर 'संध्याकाळ' शाबूत राहते पण सकाळचे लिटर जातात. अशा वेळी पत्ताच 'सकाळ'पर्यंत न्यायचा, नाहीतर किल्ली म्हणून 'सकाळ/फॅट' अशी पूर्ण वाट लिहायची. आणखी एक खोच: एखाद्या रकान्यात 'नल' (म्हणजे 'काहीच नाही') पाठवलंत तर तो रिकामा होत नाही, पुसला जातो. दुरुस्तीच्या स्क्रीनवरचे कोरे राहिलेले टेक्स्टबॉक्स पाठवूच नयेत.

आता तारखा. सवयीने आपण १२/०६/२०२४ लिहितो आणि तीच किल्ली करतो. फायरबेसमध्ये तिरकी रेघ म्हणजे खालची पायरी. त्यामुळे '१२' नावाच्या फांदीत '०६', तिच्यात '२०२४' अशी उतरंड लागते आणि महिन्याचा हिशोब काढायला गेलात की डोकं फिरतं. रेघेऐवजी टिंब दिलंत तर ती किल्ली स्वीकारलीच जात नाही. टिंब, डॉलर, हॅश आणि चौकटी कंस किल्लीत चालत नाहीत; ईमेल पत्ता थेट किल्ली म्हणून बसत नाही तो याच टिंबापायी. वर्ष आधी आणि मध्ये आडवी रेघ, २०२४-०६-१२, असं लिहा. क्रमही आपोआप बरोबर लागतो.

सभासदांना १, २, ३ अशाच किल्ल्या दिल्यात तर फायरबेसला ती यादी वाटते. वाचताना शून्याच्या जागी एक 'नल' येतो आणि ॲपमध्ये सगळे एकेका घराने सरकल्यासारखे दिसतात. आकड्याआधी एखादं अक्षर जोडलं की प्रश्न मिटतो.

आपल्याकडचा खास घोळ मात्र कीबोर्डचा. सचिवांच्या फोनवर मराठी कीबोर्ड, त्यांनी '४.२' देवनागरीत टाकलं. डेटाबेसला तो आकडा नाही, मजकूर. दिसायला ठीक, पण बेरजेला आणि क्रमवारीला कुचकामी. त्या टेक्स्टबॉक्सला 'नंबर्स ओन्ली'ची खूण करा, आणि तरीही पाठवण्याआधी 'इज नंबर' ब्लॉकने तपासून घ्या.

ज्यांनी वेब कंपोनंट न घेता 'एक्सपेरिमेंटल' खणातला फायरबेसडीबी घेतला आहे, त्यांचं दुखणं निराळं. तो कंपोनंट प्रत्येक किंमत जेसन (माहिती मजकुरात मांडायची एक ठरलेली पद्धत) मजकूर करून ठेवतो. कन्सोल (डेटाबेस बघायचं फायरबेसचं पान) उघडून बघा, नावाभोवती अवतरणचिन्हांची दुहेरी जोडी दिसेल, आतल्या जोडीला उलटी तिरकी रेघ चिकटलेली. ती घाण समजून कुणी कन्सोलमध्ये हाताने साफ करतं, आणि मग ॲपला तेच नाव वाचता येत नाही. शिवाय अख्खी डिक्शनरी (किल्ली आणि किंमत अशा जोड्यांचा गठ्ठा) एका टॅगखाली, म्हणजे एका नावाखाली, ठेवलीत तर ती एक लांब ओळ म्हणून बसते, तिच्यातली फॅट वेगळी बदलता येत नाही. माझं मत सरळ आहे: एकाच डेटाबेसवर दोन्ही कंपोनंट चालवू नका. नोंदी सुधाराव्या लागणार असतील तर वेब कंपोनंटच घ्या, थोडं जास्त लिहावं लागलं तरी. पत्त्याच्या शेवटी 'टिंब जेसन' विसरू नका, एवढंच.

नवशिक्यांचा आणखी एक ठरलेला प्रश्न: "गेट व्हॅल्यू (किंमत मागवायचा ब्लॉक) लावलं, पण लेबलमध्ये जुनीच किंमत दिसते." उत्तर यायला वेळ लागतो, ब्लॉक तिथे थांबत नाही. पुढचं सगळं काम 'गॉट व्हॅल्यू'च्या, किंवा वेबच्या बाबतीत 'गॉट टेक्स्ट'च्या आत हवं.

बरोबर महिन्याने सगळं बंद पडलं आणि 'परमिशन डिनाइड' आलं, तर घाबरू नका, टेस्ट मोडचे (डेटाबेस सुरुवातीला सगळ्यांना खुला ठेवणारे नियम) ३० दिवस संपलेत. नियमांतली तारीख पुढे ढकलणं हा उपाय नव्हे. तसं केलंत तर पत्ता हाती लागलेला कुणीही सभासदांची नावं आणि रकमा वाचू शकतो, बदलूही शकतो. लॉगिन लावा आणि नियमात लॉगिन केलेल्यालाच वाचू आणि लिहू द्या.

दोन फोन एकाच वेळी चालतात तेव्हा काय होतं, हे मला फार उशिरा कळलं. एकूण दूध मी एका रकान्यात ठेवायचो: वाचायचं, बेरीज करायची, परत लिहायचं. दोन्ही काट्यांवरच्या पोरांनी ४१२ वाचलं, एकाने ६ मिळवले, दुसऱ्याने ९, आणि शेवटी जो लिहील त्याचं खरं. ६ लिटर हवेत! फायरबेसला 'यात इतके मिळव' असं सांगणारी 'इन्क्रिमेंट'ची सोय आहे, ती वेबमधूनही चालते. मी मात्र एकूण ठेवणंच सोडलं. प्रत्येक माप स्वतंत्र नोंद, बेरीज बिलाच्या वेळी.

अजूनही काही अडलंच, तर स्क्रीनच्या तळाशी एक लेबल टाका आणि 'गॉट टेक्स्ट'मध्ये आलेला कोड आणि उत्तराचा मजकूर जसाच्या तसा तिथे दाखवा. शेजारी कन्सोल उघडा ठेवा, सभासदांत एक खोटा 'चाचणी' नावाचा माणूस घाला आणि आधी त्याचीच फॅट बदलून पाहा.