डिझेल पिकअपचा इनटेक: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

डिझेल पिकअपचे आफ्टरमार्केट कोल्ड एअर इनटेक, म्हणजे बाहेरची थंड हवा गाळून इंजिनकडे नेणारे, मूळ भागाऐवजी लावायचे फिल्टर-पाइपचे संच, बसवायचं, तपासायचं किंवा बनवायचं काम शिकायला आलेली मुलं आधी विचारतात, "कोणतं किट चांगलं?" मी त्यांच्या हातात पाण्याच्या इंचात दाब दाखवणारं गेज देतो आणि कंपनीने बसवलेल्या मूळ इनटेकवर माप घेऊन यायला सांगतो. मी वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागलो आणि आता इनटेक बनवणाऱ्यांच्या टेस्ट विभागात आहे. या कामात ज्याला दाब मोजता येतो तो पुढे जातो, हे मी दोन्हीकडे पाहिलं आहे.

माप घेणं सोपं आहे. फिल्टर आणि टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) यांच्या मधल्या पाइपला बारीक नळी जोडायची, ती केबिनमध्ये आणायची, ट्रकवर भार टाकायचा आणि चढावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून काटा कुठे थांबतो ते लिहून घ्यायचं. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब साधारण ४०७ इंच पाणी इतका असतो. बऱ्याच टर्बो डिझेल इंजिनांना फिल्टर मळलेला असताना २५ इंचांच्या आसपासचा अडथळा चालतो. समजा मूळ बॉक्सने नव्या फिल्टरवर १० इंच दाखवले. याचा अर्थ जगातलं सर्वात उत्तम किट लावलं आणि अडथळा अगदी शून्यावर आणला, तरी टर्बोच्या तोंडाशी तुम्हाला अडीच टक्क्यांहून जास्त दाब परत मिळणार नाही. ही वरची मर्यादा डोक्यात ठेवली की खोक्यावर छापलेले मोठमोठे आकडे आपोआप जागेवर येतात.

डिझेलची दुसरी गोष्ट पेट्रोलवरून आलेल्यांना पटायला वेळ लागतो. पेट्रोल इंजिनात हवा अडवून ताकद कमी-जास्त केली जाते. डिझेलमध्ये ते काम इंधनाचं प्रमाण करतं आणि हवा बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्तच असते. पूर्ण जळण्यासाठी एक किलो डिझेलला साधारण साडेचौदा किलो हवा पुरते, पण पूर्ण भारावरही इंजिन त्याहून बरीच जास्त हवा घेतं. म्हणून नुसता इनटेक बदलला आणि ईसीएमने, म्हणजे इंजिनच्या संगणकाने, इंधन तेवढंच दिलं, तर गाडी अचानक उडायला लागत नाही. फायदा वेगळ्या ठिकाणी दिसतो. टर्बोवरचा ताण कमी होतो, ट्रेलर ओढताना एक्झॉस्टचं तापमान थोडं खाली राहतं, चढावर काळा धूर कमी होतो. ज्याचा ट्रक वर्षभर जड ट्रेलर ओढतो त्याच्यासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे, आणि ग्राहकाला हेच सांगून किट द्यावं असं माझं ठाम मत आहे.

इथे थोडं गणित करायलाच हवं. मी नव्या मुलांना ते कागदावर करायला लावतो. टर्बोला २०० किलोपास्कल बूस्ट, म्हणजे बाहेरच्या दाबावरचा जादा दाब, द्यायचा आहे. बाहेरचा दाब १०१ धरला तर कॉम्प्रेसरमधून (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागातून) निघणारा एकूण दाब ३०१. अडथळा नसेल तर दाबाचं गुणोत्तर २.९८. फिल्टरने ६ किलोपास्कल खाल्ले, म्हणजे सुमारे २४ इंच, तर तोच बूस्ट द्यायला गुणोत्तर ३.१७ करावं लागतं. आत येणारी हवा ३५ अंशांची आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७२ टक्के धरली, तर पहिल्या वेळी हवा साधारण १९० अंशांवर बाहेर पडते आणि दुसऱ्या वेळी २०० च्या वर जाते. बूस्ट गेजवर मात्र काहीच फरक दिसत नाही, कारण ईसीएम टर्बोच्या व्हेन्स (एक्झॉस्टच्या बाजूची हलणारी पाती) हलवून आपला आकडा गाठतोच. त्याची किंमत एक्झॉस्टच्या बाजूला वाढलेल्या दाबात मोजली जाते. "बूस्ट तर तेवढाच आहे, मग इनटेकने काय केलं?" असं विचारणाऱ्याला हे गणित दाखवा.

आता "कोल्ड" या भागाकडे. तीच हवा ३५ ऐवजी २५ अंशांची मिळाली तर कॉम्प्रेसरच्या बाहेरचं तापमान १५ अंशांनी उतरतं. ऐकायला छान वाटतं. पण मध्ये इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा रेडिएटर, बसलेला आहे. त्याची कार्यक्षमता ७५ टक्के धरली की सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेत उरतो तो जेमतेम ४ अंशांचा फरक, घनतेत एक टक्क्याहून थोडा जास्त. शिवाय आजच्या बहुतेक डिझेल पिकअपचा मूळ बॉक्स फेंडरमधून किंवा ग्रिलमागून बाहेरचीच हवा घेतो. २०१७ च्या शेव्हरोलेट सिल्व्हराडो एचडी पिकअपच्या ड्युरामॅक्स डिझेल इंजिनला तर कंपनीनेच बॉनेटवर हवेचा मार्ग दिला. म्हणजे मूळ इनटेक आधीच थंड हवा घेत असतो. त्या जागी उघडा फिल्टर आणि पत्र्याची आडोशाची प्लेट लावली, तर संथ रहदारीत हवा उलट गरम होऊ शकते. मी बंद बॉक्सच्या बाजूचा आहे, झाकण नीट बसणाऱ्या.

पाइप धातूचा की प्लास्टिकचा यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. ६.७ लिटरचं इंजिन पूर्ण भारावर असताना १०० मिलिमीटरच्या पाइपमधून हवा सेकंदाला ५० मीटरच्या आसपास वेगाने जाते. अर्धा मीटर पाइप ती सेकंदाच्या शंभराव्या भागात ओलांडते. तेवढ्यात तापायला तिला वेळच मिळत नाही. पाइपच्या आतली बाजू, वळणं आणि जोड पाहा, रंग ग्राहकाला निवडू द्या.

हवेचा सेन्सर, म्हणजे मॅफ, हा नवीन माणसाला सर्वात जास्त दमवणारा भाग. तो हवेचं वजन थेट मोजत नाही. गरम फिल्मवरून हवा किती वेगाने उष्णता नेते ते पाहतो आणि पाइपचा व्यास ठरलेला आहे असं गृहीत धरून ईसीएम हिशेब करतो. सेन्सरच्या जागी व्यास ८० चा ८५ मिलिमीटर झाला तर तेवढ्याच हवेचा वेग ११ टक्क्यांनी कमी होतो. ईसीएमला वाटतं हवा कमी आली. मग तो धूर टाळायला इंधन आखडतो, ईजीआरचा (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेचा) हिशेब बिघडतो, आणि ग्राहक येऊन सांगतो की नवीन किट लावल्यापासून गाडी ओढत नाही. स्कॅनरवर पी०१०१ हा मॅफच्या मापाचा कोड आला की सेन्सर बदलायला धावू नका. आधी व्हर्नियरने दोन्ही पाइपचे आतले व्यास मोजा. सेन्सरच्या अगदी आधी तीव्र वळण आहे का, मूळ पाइपमधली हवा सरळ करणारी जाळी नव्यात आहे का, सेन्सरवरचा बाण टर्बोकडे आहे का, हेही तिथेच उभ्याउभ्या पाहून घ्या. तेल लावलेल्या कापडी फिल्टरवर तेल जास्त झालं तर ते उडून याच फिल्मवर बसतं. म्हणून तेल ठरलेल्या मापानेच लावायचं आणि ते पूर्ण मुरू द्यायचं.

आता धूळ. मला सगळ्यात जास्त कळकळ या विषयाची आहे.

एक ट्रक आमच्याकडे आला होता, खडीच्या रस्त्यावर रोज चालणारा. तक्रार होती की इंजिन तेल पितंय. तेलाच्या लॅब रिपोर्टमध्ये सिलिकॉन वाढलेलं, मागोमाग लोखंडही. फिल्टर काढून पाहिला तर घड्या सरळ, कुठे फाटलेला नाही, क्लॅम्पही घट्ट. मग पाइप सोडवला आणि आत बॅटरी मारली. जिथे फिल्टरचं रबर प्लास्टिकच्या गळ्यावर बसतं तिथे एका बिंदूपासून निघून टर्बोकडे पंख्यासारखी पसरत गेलेली मातकट धुळीची पट्टी होती. त्या गळ्यावर साच्याची एक बारीक उभी रेघ राहिली होती, नखाला जाणवेल इतकीच. रबर तिच्या दोन्ही बाजूंना पूर्ण टेकत नव्हतं. कॉम्प्रेसर व्हीलच्या पात्यांवरून बोट फिरवलं तेव्हा कडा बोथट आणि खरखरीत लागल्या, पुढचा भाग वाळू मारल्यासारखा फिका झालेला. लायनर आणि रिंग्जची अवस्था त्यावरूनच कळत होती.

टर्बोच्या आधीचा सगळा मार्ग ओढीखाली असतो. तिथे फट असली तर काही फसफसत नाही, बूस्ट पडत नाही, कोडही येत नाही. न गाळलेली हवा गुपचूप आत जात राहते. म्हणून किट बसवल्यावर स्मोक मशीनने कमी दाबाचा धूर भरून प्रत्येक जोड पाहायची सवय लावा. मशीन नसेल तर पाइपच्या स्वच्छ बाजूला आतून ग्रीसचा पातळ हात फिरवा, गाडी थोडे दिवस धुळीत चालवा आणि पुन्हा उघडा. ग्रीसवर कण चिकटलेले दिसले तर कुठून आले ते शोधल्याशिवाय ट्रक सोडू नका. पाइप परत बसवताना ते ग्रीस पुसून काढा. क्रँककेस ब्रीदरची (इंजिनच्या खालच्या भागातले वायू इनटेककडे आणणारी) नळी जिथे जोडली जाते तिथली ओ-रिंग आणि सेन्सरखालचं गास्केट या दोन जागा हटकून राहून जातात.

फिल्टरचे दावे वाचायलाही शिकावं लागतं. आयएसओ ५०११ ही एअर फिल्टरची चाचणी आहे. त्यात ठरावीक चाचणी-धूळ सोडून तीन गोष्टी पाहतात: किती धूळ अडली, किती धूळ साठवता आली आणि हवेला अडथळा किती झाला. किती अडली हा आकडा वाचताना किती निसटली ते बघा. ९९.५ टक्के आणि ९७ टक्के हे शेजारी शेजारी वाटतात, पण एकातून अर्धा टक्का धूळ जाते आणि दुसऱ्यातून तीन टक्के, म्हणजे सहापट. अडथळ्याचे दोन इंच वाचवण्यासाठी सहापट धूळ इंजिनात घालणं मला कधीच पटलेलं नाही. फ्लोचे आकडेही कोणत्या दाबफरकाला मोजले ते विचारल्याशिवाय एकमेकांशी ताडू नका. दाबफरक चौपट केला की तोच फिल्टर साधारण दुप्पट हवा दाखवतो.

नवा फिल्टर सुरुवातीला थोडी जास्त धूळ सोडतो आणि पृष्ठभागावर थर जमत गेला की तो जास्त बारीक गाळतो. दर आठवड्याला काढून झटकणारे, हवेच्या पाइपने फुंकणारे ग्राहक काळजीपोटी तसं करतात, पण त्याने गाळण्याची क्षमता घटते, माध्यमाला बारीक भोकं पडतात आणि सील पुन्हा पुन्हा हलतं. फिल्टर कधी बदलायचा ते अडथळ्याचं गेज सांगतं.

पाण्याबद्दल एवढंच सांगतो की हवा घेण्याची जागा खाली सरकवणारं किट खोल पाण्यातून जाणाऱ्या ट्रकला लावू नका. सहा सिलिंडर, ६.७ लिटर आणि १६:१ कॉम्प्रेशनचं इंजिन धरलं तर पिस्टन वर असताना एका सिलिंडरमध्ये ७५ मिलिलिटरच्या आसपासच जागा उरते. तेवढं पाणी आत गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

अमेरिकेतल्या ट्रकवर काम करणार असाल तर कायद्याची बाजू फिटरलाही माहीत हवी. कॅलिफोर्नियात रस्त्यावर चालणाऱ्या ट्रकला कार्बचा (कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्ड, तिथलं हवा-प्रदूषण मंडळ) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर, म्हणजे मंजुरीचा, क्रमांक असलेलंच किट चालतं. तो ऑर्डर ठरावीक इंजिन आणि मॉडेल-वर्षांपुरता असतो, शेजारच्या वर्षाला आपोआप लागू होत नाही. स्टिकर इंजिन बेमध्ये सहज दिसेल असा लावा. वॉरंटीबद्दल ग्राहक घाबरलेले असतात. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार केवळ बाहेरचा भाग लावला म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही, पण त्याच भागामुळे बिघाड झाल्याचं दिसलं तर नाकारता येते. कॉम्प्रेसरची पाती धुळीने खाल्लेली असतील तर वाद घालायला फारसं काही उरत नाही.

टेस्ट विभागात जायचं असेल तर डायनोकडे, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राकडे, संशयाने बघायला शिका. बॉनेट उघडं आणि समोर मोठा पंखा असला की उघड्या फिल्टरला रस्त्यावर कधीच न मिळणारी हवा मिळते. बॉनेट बंद ठेवा, प्रत्येक रनआधी इंजिन ऑइल आणि इनटेकची तापमानं तेवढ्यालाच आणा, मूळ इनटेक, किट आणि पुन्हा मूळ इनटेक अशा क्रमाने रन घ्या. शेवटचं मूळ माप पहिल्याशी जुळलं नाही तर मधल्या आकड्याला अर्थ नाही. हा शेवटचा रन घ्यायचा कंटाळा करणारे मी खूप पाहिले. डिझाइनकडे ओढा असेल तर थ्रीडी स्कॅन, कॅड आणि साच्यात प्लास्टिक कसं आकसतं हे शिका. साच्याची ती रेघ कुठे येणार हे त्याच टेबलावर ठरतं, म्हणून थोडे दिवस तरी फिटरचं काम करूनच तिकडे जा.

ट्रक ग्राहकाला देताना त्याच्या सर्व्हिस फाइलमध्ये एक कागद ठेवा. मूळ इनटेकवरचा अडथळा, नव्यावरचा अडथळा, त्या वेळचं बाहेरचं तापमान, इंजिनचा वेग आणि बूस्ट, सगळं त्यावर लिहा. इंजिन काही वेळा तापून थंड झालं की सिलिकॉनचे होज थोडे बसतात, म्हणून पहिल्या ऑइल बदलाच्या वेळी सगळे क्लॅम्प पुन्हा तपासा, पाइपच्या आत बॅटरी मारा, गेज त्याच जागी जोडून त्याच चढावर तेच माप परत घ्या आणि पहिल्या आकड्याखाली लिहा.