मित्र-जोडप्याचा मोडता संसार आणि त्यावरची सस्पेन्स कादंबरी: बांधणी कशी करावी

काडीमोडाच्या सायकॉलॉजिकल सस्पेन्समध्ये खून असलाच पाहिजे असं नाही. दोघांपैकी खरं कोण बोलतंय, एवढी एकच शंका तीनशे पानं पुरते. पण गोष्ट त्या जोडप्याच्या मित्राच्या किंवा मैत्रिणीच्या तोंडून येणार असेल, तर त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: सांगणाऱ्याचा यात काय स्वार्थ आहे? याचं उत्तर एका वाक्यात लिहिता येईपर्यंत पहिलं प्रकरण सुरू करू नका.

स्वार्थ ठोस हवा. निवेदिकेने बायकोचं एक खोटं झाकलंय आणि ते उघडं पडलं तर तिचंही घर हलेल. किंवा निवेदकाने नवऱ्याला मोठी रक्कम उसनी दिलीय आणि ते राहतं घर कोणाच्या वाट्याला जातं यावर त्याचे पैसे अवलंबून आहेत. ‘दोघंही माझेच, मी बिचारा मध्ये सापडलो’ असा निवेदक घेतलात तर तिसऱ्या प्रकरणातच कथा बसकण मारते, कारण त्याला खोटं बोलायचं कारणच उरत नाही.

इथे मानसोपचारतज्ज्ञ स्टीफन कार्पमन यांनी 1968 मध्ये मांडलेला त्रिकोण कामाला येतो. नात्यातल्या ताणात माणसं तीन भूमिका घेतात: छळणारा, बळी आणि तारणहार. कोणीही एका भूमिकेत फार काळ टिकत नाही. कागदावर तिघांची नावं लिहा आणि प्रत्येकाची भूमिका निदान दोनदा बदलेल अशी आखणी करा. मित्र सुरुवातीला तारणहार असतो. मध्यावर तो एकाचा छळ करू लागतो आणि शेवटाकडे स्वतःलाच बळी म्हणवतो. वाचकाला हे सरकणं निवेदकाच्या आधी दिसलं, की ताण आपोआप तयार होतो.

लपवायचं काय आणि कसं

‘अविश्वसनीय निवेदक’, म्हणजे ज्याच्या सांगण्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही असा निवेदक, ही संज्ञा समीक्षक वेन बूथ यांनी 1961 मध्ये रूढ केली. तिचा सर्वांत जास्त गैरवापर याच प्रकारात होतो. नियम सोपा ठेवा. निवेदक चुकीचा अर्थ काढू शकतो, विषय टाळू शकतो, स्वतःची समजूत घालू शकतो आणि इतर पात्रांशी धडधडीत खोटं बोलू शकतो. पण प्रसंग वाचकासमोर घडत असताना जे झालंच नाही ते झालं असं तो सांगू शकत नाही. ‘मी त्या रात्री सरळ घरी गेले’ हे वाक्य खोटं निघालं तर वाचक चिडतो. ‘त्या रात्री घरात शिरले तेव्हा सगळे झोपले होते’ हे वाक्य खरं असून मधले दोन तास गिळतं. असंच लिहा.

काळाचा प्रश्नही आधीच सोडवा. भूतकाळात सांगणाऱ्या निवेदिकेला शेवट ठाऊक असतो. मग ती पहिल्याच पानावर का सांगत नाही? त्यासाठी तिला ऐकणारा द्या: वकिलासमोरचा जबाब, जोडप्याच्या मोठ्या झालेल्या मुलीला पत्र, समुपदेशकाने लिहायला सांगितलेली वही. ऐकणारा ठरला की काय लपवायचं हेही ठरतं. वर्तमानकाळात लिहिलंत तर ही अडचण टळते, पण जुन्या आठवणींना जागा कमी मिळते.

आठवणींवर मात्र हात राखू नका, कारण या विषयातला सगळ्यात सुपीक भाग तोच. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांच्या 1974 च्या प्रयोगात लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली होती. प्रश्नात सौम्य क्रियापदाऐवजी जोरदार टकरीचं क्रियापद वापरल्यावर लोकांनी वेग जास्त सांगितला. आठवड्यानंतर त्यांच्यापैकी अधिक जणांना फुटलेली काच ‘आठवली’. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. कादंबरीत हेच काम मित्रांच्या फोनवर चालतं. ‘तो माझ्यावर ओरडला तेव्हा तू तिथेच होतीस ना?’ या प्रश्नात ओरडणं गृहीत धरलेलं आहे. म्हणून चौघांच्या एकत्र जेवणासारखा एक प्रसंग तीनदा आणा, समजा प्रकरण 2, 14 आणि 27 मध्ये. दर वेळी एकच तपशील बदला: ग्लास पडला, ग्लास ठेवला, ग्लास भिरकावला. प्रत्येक बदलाआधी निवेदिकेशी कोण बोललं होतं, हे पानांवर सापडायला हवं. दोन-तीन तपशील एकदम बदलले तर वाचकाला ती लेखकाची चूक वाटते.

माप आणि तक्ता

साधारण 65 हजार शब्द धरा: 36 प्रकरणं, प्रत्येकी सुमारे 1,800 शब्द. वेगळं होण्याची बातमी चौथ्या-पाचव्या प्रकरणात. नवव्यापर्यंत निवेदक एक बाजू घेतो. अठराव्यात त्या बाजूला पहिला मोठा तडा. निवेदकाचं स्वतःचं गुपित सत्ताविसाव्याच्या आसपास फुटावं, अगदी शेवटी नको, कारण ते फुटल्यावर तो कसा वागतो हा कादंबरीचा खरा ऐवज आहे.

यासोबत पाच रकान्यांचा तक्ता ठेवा: घटना, ती खरोखर कधी घडली, कोणाला कळली, कोणाकडून कळली, आणि सांगणाऱ्याने त्यातलं काय गाळलं. सस्पेन्स कादंबऱ्या बहुतेक चौथ्या रकान्यात फसतात. एखाद्या पात्राला जे कळायला मार्गच नव्हता ते तो सहज बोलून जातो, आणि चाणाक्ष वाचक तिथेच थांबतो.

प्रत्येक कलाटणीमागे तीन खुणा पेरा. एक थट्टेत, एक यादीच्या मधोमध, एक अशा प्रसंगात जिथे वाचकाचं लक्ष रडणाऱ्या माणसाकडे आहे. यादीतलं पहिलं आणि शेवटचं जास्त लक्षात राहतं, म्हणून खूण कधीही परिच्छेदाच्या शेवटच्या वाक्यात ठेवू नका.

भांडणं

दहा वर्षं एकत्र राहिलेली माणसं भांडताना एकमेकांना इतिहास समजावून सांगत नाहीत. ‘पुन्हा तेच’ एवढं त्यांना पुरतं. माहिती वाचकाला हवी असेल तर ती निवेदकाच्या अर्धवट कळण्यातून द्या. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी मोडत्या संसाराची चार लक्षणं सांगितली आहेत: दोषारोप, तुच्छता, बचावाचा पवित्रा आणि भिंतीसारखं गप्प होणं. तुच्छता त्यांतली सर्वांत घातक. त्यामुळे सुरुवातीच्या प्रकरणांत दोषारोप आणि बचाव वापरा, तुच्छता राखून ठेवा. पहिल्यांदा ती ज्याच्या तोंडून येईल त्याच्याबद्दल वाचकाचं मत तिथेच पालटतं. आणि एक जुनं पण हमखास चालणारं हत्यार: एकाच खोलीत असून मित्रामार्फत बोलणं. ‘तिला सांग, किल्ल्या ठेवून जा.’ यात मित्र निरोप्या होतो आणि निरोप बदलण्याची संधी त्याला मिळते.

मेसेजचे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून आणणार असाल तर ते कुठून कापलेत हे स्वतःपुरतं ठरवा. वरचे तीन मेसेज गाळले की रागाचं कारण गायब होतं आणि फक्त राग उरतो. मूळ संवाद पूर्ण लिहून ठेवा, मगच कापा. वेळ आणि वार तक्त्याशी जुळवा. नसतील जुळत, तर ते कोणाच्या तरी लबाडीमुळे असावं, तुमच्या विसरण्यामुळे नव्हे.

पात्रांना मानसिक विकाराचं निदान चिकटवू नका. ‘तो नार्सिसिस्ट आहे’ हे वाक्य मैत्रिणीच्या तोंडी शोभतं, कथेने त्यावर शिक्कामोर्तब केलं की शंका संपते आणि शंकेबरोबर सस्पेन्सही. दोघांपैकी ज्याला वाचक दुष्ट मानेल त्याला निदान दोन प्रसंगांत बरोबर ठरवा. ताबा, पोटगी, घराची मालकी यांचे कायदे कथा जिथे घडते तिथले असतील, ते नीट पाहून घ्या. आणि खऱ्या मित्रांच्या संसारावरून सुचलं असेल तर नुसती नावं बदलून भागत नाही. व्यवसाय, घटनांचा क्रम आणि भांडणाचं मूळ कारण, तिन्ही बदला.

दुसरा खर्डा झाला की चार-पाच वाचक गाठा. आवडली का, हे विचारू नका. प्रकरण 10, 20 आणि 28 नंतर थांबून ‘आत्ता कोणावर विश्वास आहे आणि का’ हे दोन ओळींत लिहायला सांगा. दहाव्यानंतर सगळ्यांचं एकमत असेल तर दुसऱ्या बाजूचा एक प्रसंग आधी आणा. विसाव्यालाच निवेदकावर संशय असेल तर खुणा कमी करू नका, त्या संशयाला खोटी दिशा देणारं एक कारण पुरवा. अठ्ठाविसाव्यानंतरही कोणी ‘दोघंही सारखेच वाईट, मला फरक पडत नाही’ असं लिहिलं, तर दोष कलाटणीत शोधू नका: या दोघांनी कधीकाळी एकमेकांवर जीव लावला होता हे दाखवणारं प्रकरण पुस्तकात नाही, ते पहिल्या सहा प्रकरणांत लिहून घाला.