फ्युएल सेलची वीज वाढवताना आणि कार्बन घटवताना या चुका टाळा

फ्युएल सेलमधून, म्हणजे हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांपासून वीज बनवणाऱ्या उपकरणातून, केवळ पाणी बाहेर पडते, म्हणून त्याची वीज आपोआप कार्बनमुक्त ठरते, असे गृहीत धरणे ही सर्वांत घातक चूक आहे. आज बहुतांश हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळसा यांपासून तयार होतो. नैसर्गिक वायूपासून तो बनवताना प्रत्येक किलोमागे साधारण ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते. त्यातली निम्मी विजेत उतरली, तर युनिटमागे अर्ध्या किलोहून अधिक उत्सर्जन होते, जे आधुनिक कंबाइंड सायकल (वायू आणि वाफ अशा दोन्ही टर्बाइन चालवणाऱ्या) वायू वीजकेंद्रापेक्षाही जास्त आहे. इलेक्ट्रोलायझर (विजेने पाण्यापासून हायड्रोजन वेगळा करणारे यंत्र) कोळशाच्या विजेवर चालवल्यास हिशेब आणखी बिघडतो, कारण एक किलो हायड्रोजनसाठी ५० युनिटांच्या आसपास वीज खर्ची पडते. त्यामुळे स्टॅक (एकत्र रचलेल्या सेलचा संच) निवडण्याआधी हायड्रोजन कुठून येणार, याची खातरजमा करावी.

दुसरी चूक म्हणजे वीज कमी पडताच करंट वाढवत नेणे. एका सेलचे व्होल्टेज १.२५ ने भागले की ढोबळ कार्यक्षमता कळते: ०.७ व्होल्टला ५६ टक्के, तर ०.६ व्होल्टला ४८ टक्के. म्हणजे करंट वाढवून व्होल्टेज खाली आणले, तर त्याच युनिटासाठी अधिक हायड्रोजन खर्च होतो.

व्होल्टेज घसरल्यावर कारण न शोधता आर्द्रता बदलण्याची घाई तर मुळीच करू नये. मेम्ब्रेन (सेलमधला पातळ पडदा, जो ओलसर राहावा लागतो) कोरडी पडली असेल, तर सेलचा अंतर्गत रोध वाढलेला दिसतो. पाणी साचले असेल, तर रोध फारसा हलत नाही, मात्र हवेच्या मार्गातील दाबाचा फरक वाढतो आणि काही सेलचे व्होल्टेज वरखाली होऊ लागते. दोन्हींचे उपाय परस्परविरुद्ध असल्याने ही दोन मोजमापे आधी घ्यावीत. याउलट सर्वच सेल हळूहळू खचत असतील, तर हायड्रोजनची शुद्धता तपासावी. वाहनांच्या इंधनासाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा दहा लाख भागांत ०.२ भाग इतकी कडक आहे, कारण हा वायू सेलमधल्या प्लॅटिनम उत्प्रेरकाला चिकटून बसतो. शुद्ध हायड्रोजन दिल्यावर तो बराचसा सुटतो. गंधकाचे तसे नाही.

वारंवार बंद-चालू करणेही टाळावे, कारण अॅनोडमध्ये (हायड्रोजनच्या बाजूच्या इलेक्ट्रोडमध्ये) हवा शिरलेली असताना हायड्रोजन सोडला की कॅथोडमधला (हवेच्या बाजूच्या इलेक्ट्रोडमधला) कार्बन झिजतो आणि ती हानी भरून निघत नाही.